कृष्णाकाठची हवा आणि धूलिकण : प्रस्तावना

हवेत वायूंच्या जोडीला घन आणि द्रव पदार्थांचे असंख्य बारीक कण नेहमीच तरंगत असतात. माती, राख, काजळी, क्षार, परागकण, बुरशीची बीजे, धुरातले तेलकट थेंब या सगळ्यांना मिळून धूलिकण म्हणतात. काही कण वारा जमिनीवरून उचलतो, काही आगीतून थेट बाहेर पडतात, तर काही हवेतच वायूंपासून तयार होतात. प्रत्येकाचा उगम आणि रासायनिक घडण निराळी असते. पण श्वासाबरोबर आत गेलेला कण शरीरात कुठवर पोचणार हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते, आणि म्हणून शास्त्राने त्यांची वर्गवारी आकारावरून केली आहे.

१० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम १०’ आणि २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे पीएम २.५ मधले सर्वांत मोठे कणही ओळीने सुमारे अठ्ठावीस ठेवले तर एका केसाची जाडी भरते. कच्च्या रस्त्यावरून एसटी गेल्यावर उठणारा फुफाटा डोळ्यांना दिसतो, कपड्यांवर बसतो आणि त्यातला जाड भाग काही मिनिटांत खाली येतो. बारीक कण सुटे असताना दिसत नाहीत. ते कित्येक दिवस हवेत राहतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे हवा स्वच्छ आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. ती मोजावीच लागते.

मोजणीची जुनी आणि आजही चालू असलेली पद्धत साधी आहे. श्वसनीय धूलिकण मोजणाऱ्या यंत्रात काचतंतूचा पांढरा गाळणकागद बसवतात. आकाराने तो वहीच्या पानाएवढा, साधारण वीस बाय पंचवीस सेंटिमीटर असतो. बसवण्यापूर्वी त्यातली ओल काढून तो अचूक तराजूवर तोलतात. यंत्र मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा त्यातून ओढते. आठ तासांनी कागद काढून नवा घालतात आणि जुना पुन्हा तोलतात. दोन वजनांतला फरक म्हणजे तेवढ्या हवेतली धूळ. हवेच्या दर घनमीटरात १०० मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर आठ तासांत ओढलेल्या ४८० घनमीटर हवेतून कागदावर ४८ मिलिग्रॅम धूळ जमते आणि पांढरा कागद करडा होतो. हिवाळ्यात साखर हंगामाच्या ऐन भरात काढलेला कागद आणि श्रावणात काढलेला कागद शेजारी ठेवले, तर वर्षभराच्या हवेची कथा त्यांच्या रंगांवरूनच कळते. राष्ट्रीय हवा गुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमात अशी मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षात १०४ दिवस होणे अपेक्षित असते. नव्या स्वयंचलित केंद्रांवर ती अखंड चालते आणि आकडे तासागणिक मिळतात.

मिळालेला आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे मानके सांगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे दर घनमीटर हवेत पीएम १० ची वार्षिक सरासरी ६० आणि चोवीस तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, पीएम २.५ साठी याच मर्यादा अनुक्रमे ४० आणि ६० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक मूल्ये पुष्कळच कडक आहेत. तिच्या मते पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ५ आणि पीएम १० ची १५ च्या आत हवी. भारतीय मर्यादा पाळली गेली म्हणजे धोका संपला, असा अर्थ यातून काढता येत नाही. प्रौढ माणूस दिवसाला दहा ते पंधरा घनमीटर हवा आत घेतो. पीएम २.५ चे प्रमाण ४० असेल, तर रोज सुमारे अर्धा मिलिग्रॅम बारीक धूळ त्याच्या फुप्फुसांच्या वाटेने जाते. मर्यादेच्या आतली हवासुद्धा जन्मभर रोज एवढे ओझे टाकत असते.

सामान्य माणसाला हे आकडे सहज समजावेत म्हणून एप्रिल २०१५ पासून देशात हवा गुणवत्ता निर्देशांक वापरात आला. शून्य ते ५०० या पट्टीवर ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर, अशा सहा पायऱ्या आहेत. मोजलेल्या प्रदूषकांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट असेल तोच निर्देशांक ठरवतो, आणि भारतीय शहरांत तो बहुधा पीएम १० किंवा पीएम २.५ असतो.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. सलग पाच वर्षे मानकांच्या वर राहिलेली शहरे त्यासाठी निवडण्यात आली. पहिल्या यादीतल्या १०२ शहरांपैकी १७ महाराष्ट्रातली होती, आणि मुंबई, पुणे, नागपूर यांच्या बरोबरीने त्यांत सांगली आणि कोल्हापूर यांचीही नावे होती. ऊस, हळद आणि द्राक्षे यांसाठी ओळखले जाणारे सांगलीसारखे शहर देशाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत येते, ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी अशी आहे. शेजारच्या साताऱ्याचे नाव यादीत नव्हते. पण यादी मोजणीवर उभी असते. वर्षानुवर्षे सलग मोजणी झाली नसेल तर एखाद्या गावाच्या हवेचा निकालच लागत नाही. नाव नाही म्हणून हवा निर्मळ, असे मानणे चुकीचे ठरेल.

सातारा आणि सांगली हे मुळात एकच क्षेत्र. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली असा प्रवास करत दोन्ही जिल्ह्यांना जोडते. पश्चिमेला सह्याद्री आणि महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मधल्या खोऱ्यात काळी जमीन, ऊस, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि पुणे–बंगळुरू महामार्ग. एवढ्या लहान टापूत हवेचे इतके वेगवेगळे प्रकार महाराष्ट्रात क्वचितच सापडतात.

धूलिकणांच्या प्रमाणावर ऋतूंची मोठी पकड असते. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो, जमीन ओली राहते आणि नैर्ऋत्य वारे उरलेसुरले कण वाहून नेतात. ऑक्टोबरनंतर चित्र पालटते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होऊन जड होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. नेहमी वर जाणारा धूर या थराखाली अडकतो. नदीच्या खोऱ्यात आणि डोंगरांच्या कुशीत वसलेल्या गावांना हा त्रास अधिक होतो. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर यांच्या पायथ्याचे सातारा शहर काय किंवा कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड काय, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तिथे पसरणाऱ्या धुक्यात चुलींचा, शेकोट्यांचा आणि भट्ट्यांचा धूर मिसळलेला असतो. हवा कोंडण्याचे हे महिने आणि साखरेचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रदूषणाचा विचार करताना हा योग सतत ध्यानात ठेवावा लागतो.

उगमांचा आढावा मातीपासून सुरू करणे योग्य. पूर्वेकडच्या तालुक्यांत उघडी माळराने, कच्चे रस्ते आणि मेंढरांच्या वाटा यांवरून उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी पोचले तिथे उघडी जमीन पिकाखाली आली, पण त्या पाण्याबरोबर ऊसही पूर्वेकडे सरकला आणि त्याच्या मागोमाग पाचटाची आगही. शहरांत रस्त्याकडेची माती, खड्डे, बांधकामे आणि झाकण न घालता वाळू-मुरूम वाहणारे डंपर धुळीत भर घालतात. महामार्गाच्या सातारा–कागल टप्प्याच्या सहापदरीकरणासारखी कामे चालू असताना भरावाची माती आणि वळवलेली वाहतूक यांमुळे आसपासच्या गावांना धूळ सोसावी लागते. सांगलीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णेचा गाळ गल्लोगल्ली आणून टाकला. पूर ओसरला की हा गाळ वाळतो, वाहनांच्या चाकांखाली त्याचे पीठ होते आणि ते हवेत उडत राहते. म्हणून पुरानंतरची साफसफाई रोगराईइतकीच हवेशीही निगडित आहे.

उसाचा वाटा मातीच्या खालोखाल महत्त्वाचा, आणि आरोग्याच्या दृष्टीने अधिक काळजीचा. तोडणी झाल्यावर हेक्टरी आठ ते दहा टन वाळका पाला, म्हणजे पाचट, शेतात उरते. खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाची, मशागत सोपी व्हावी, पाणी सरळ जावे, उंदीर-साप राहू नयेत म्हणून ते पेटवून देण्याची सवय जुनी आहे. आग अर्ध्या तासात विझते. पण तेवढ्या वेळात पाचटातली काजळी, राख आणि अर्धवट जळालेल्या सेंद्रिय पदार्थांचे अतिबारीक कण हवेत जातात, आणि ही आग बहुधा संध्याकाळी, वारा पडल्यावर लावली जाते; म्हणजे हवा कोंडायला लागते त्याच वेळी. काही ठिकाणी तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊसच पेटवतात. अशा जळीत उसाचा साखर उतारा घटतो, कारखाने त्याच्या दरात कपात करतात, आणि तोडणी कामगाराला दिवसभर राखेत उभे राहून कोयता चालवावा लागतो.

पाचट जाळल्याने जमिनीचे होणारे नुकसान शेतकऱ्याला अधिक जवळचे वाटते, आणि उपायाची वाटही तिथूनच निघते. पाचटात तीस ते चाळीस टक्के सेंद्रिय कर्ब आणि सुमारे अर्धा टक्का नत्र असते. सातारा जिल्ह्यातच, फलटण तालुक्यात, पाडेगाव येथे १९३२ पासून मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे. पाचट न जाळता सरीत दाबावे किंवा त्याची कुट्टी करावी, आणि दर टन पाचटामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो कुजवणारे जिवाणू टाकावेत, अशी शिफारस शेतकऱ्यांपर्यंत पोचलेली आहे. ज्यांनी ती पाळली त्यांच्या खोडव्याला ओलावा टिकतो आणि तण कमी येते. हवेचे भले आणि शेताचे भले इथे एकाच कामातून साधते. अडचण मजुरीची, कुट्टी यंत्राच्या भाड्याची आणि पुढच्या पाण्याच्या पाळीची असते. तिचा विचार न करता नुसत्या बंदीने आग थांबत नाही.

कारखान्यातही जळणारा पदार्थ उसाचाच असतो. रस काढून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, गाळलेल्या उसाच्या २८ ते ३० टक्के भरतो. रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात १,४०० ते १,५०० टन बगॅस निघतो. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन होते, आणि तेव्हापासून मार्च-एप्रिलपर्यंत हे इंधन रात्रंदिवस जळते. सुमारे निम्मे पाणी असलेला बगॅस नीट जळाला नाही तर काजळी वाढते. जळालेल्या दर शंभर टनांमागे दीड-दोन टन राख उरते आणि तिचा हलका भाग चिमणीवाटे निघू पाहतो. सकाळी अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि द्राक्षांच्या पानांवर काळे कण पडलेले दिसतात ते याचेच. ओले शुद्धीकरण, चक्रावात यंत्र आणि स्थिरविद्युत अवक्षेपक ही राख अडवणारी साधने आहेत. साखर कारखान्यांच्या चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुरात दर घनमीटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण असू नयेत, अशी मर्यादा २०१६ च्या अधिसूचनेने घातली. साधन बसवणे आणि ते हंगामभर चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परिसरातल्या लोकांचे आरोग्य दुसरीवर अवलंबून असते.

गुऱ्हाळात हीच प्रक्रिया लहान प्रमाणात आणि कसल्याही गाळणीशिवाय होते. काहिलीखालच्या चुलवाणात वाळलेली चिपाडे सतत सारावी लागतात. धुराडे बुटके असते आणि जाळ घालणारा माणूस तासन्‌तास धुराच्या तोंडाशी बसलेला असतो. चुलवाणाची रचना सुधारली, हवेचा पुरवठा नेमका झाला, तर चिपाड कमी लागते आणि धूरही घटतो. चिपाड आणि बगॅस यांचा आणखी एक धोका साठवणीत असतो. ओला बगॅस ढिगात राहिला की त्यावर उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव पोसतात, आणि असा जुना ढीग उपसताना उडणारी धूळ श्वासात गेल्यास ‘बगॅसोसिस’ हा फुप्फुसदाह होतो. ताप, कोरडा खोकला आणि धाप ही त्याची लक्षणे न्यूमोनियासारखी भासतात, त्यामुळे रुग्ण काय काम करतो हे विचारल्याशिवाय तो ओळखू येत नाही.

नदीकाठच्या गाळाची माती आणि कारखान्यांतून सहज मिळणारी राख यांमुळे कृष्णाकाठी वीटभट्ट्या वाढल्या. इथल्या बहुतेक भट्ट्यांना चिमणी नसते. कच्च्या विटांच्या थरांत कोळसा, तूस किंवा राख भरून ढीग रचतात आणि तो खालून पेटवतात. असा ढीग अनेक दिवस धुमसत राहतो आणि त्याचा धूर माणसाच्या उंचीवरच पसरतो. भट्टीवरची कुटुंबे तिथेच राहतात, मुलेही तिथेच वाढतात. डोंगरपायथ्याच्या खाणी आणि खडी क्रशर हा आणखी एक उगम. दगड फोडताना पाण्याचा फवारा आणि पट्ट्यांवर झाकण असले तर त्यातली बरीच धूळ जागच्या जागी बसते.

कारखानदारीचा वारसा या भागात शतकापेक्षा जुना आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काचकारखाना निघाला, आणि माळरानावर पेटलेल्या या भट्ट्यांनी महाराष्ट्राला उद्योगाची दीक्षा दिली. आज मिरज, कुपवाड, सातारा येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत. साचा वाळूचा असतो, वाळू म्हणजे सिलिका, आणि ओतीव तुकडा साफ करताना, घासताना ती भुकटी होऊन उडते. अनेक वर्षे ती श्वासात गेली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसाचा भाग कडक होत जातो आणि झालेले नुकसान भरून येत नाही. विट्याच्या यंत्रमागांवर कापसाची धूळ असते. तिच्यामुळे होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. सिलिकोसिस आणि बिसिनोसिस हे दोन्ही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तिसऱ्या अनुसूचीत घेतलेले रोग आहेत. ते आढळल्यास डॉक्टरांनी कारखाने निरीक्षणालयाला कळवायचे असते. सांगलीच्या हळदीलाही धुळीची बाजू आहे. शिजवून वाळवलेली हळकुंडे पिंपात फिरवून पॉलिश करतात तेव्हा साल आणि माती यांचा पिवळसर धुरळा कामगारांच्या अंगावर, पापण्यांवर आणि नाकपुड्यांत बसतो. खानापूर, आटपाडी, खटाव भागातली गलाईचा व्यवसाय करणारी कुटुंबे देशभर पसरली आहेत. सोने-चांदी शुद्ध करताना उठणाऱ्या आम्लाच्या वाफा आणि धातूंचा धूर लहान, बंदिस्त खोल्यांत त्यांच्या श्वासात जातो.

वाहनांपैकी जुनी डिझेल वाहने सर्वांत घातक कण सोडतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि इंधनातले गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. पण रस्त्यावरची जुनी वाहने, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि खंबाटकीसारख्या घाटांत पहिल्या गिअरमध्ये चढणारे ट्रक यांचा धूर अजून कायम आहे. वाहने आणि बॉयलर यांतून निघणारे नायट्रोजन व गंधकाचे वायू, आणि रासायनिक खते व जनावरांचे शेण-मूत्र यांतून निघणारा अमोनिया, हे हवेत एकत्र येऊन क्षारांचे अतिबारीक कण बनतात. थंडीत ही क्रिया जोर धरते. बागायती पट्ट्यात कोणतीही आग जवळ नसताना हवा धूसर का दिसते, याचे एक उत्तर इथे आहे.

घरातला धूर मात्र मोजणीच्या यंत्रांपर्यंत पोचतच नाही. लाकूड, शेणी, तुरकाट्या, चिपाडे जाळणाऱ्या चुलीशेजारी बारीक कणांचे प्रमाण शहरातल्या वर्दळीच्या चौकापेक्षा कैक पटींनी वाढते, आणि ते सर्वांत जास्त सोसतात बायका आणि त्यांच्या पाठीशी-कडेवर असलेली मुले. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी खेड्यापाड्यांत नेली; पण सिलिंडर भरून आणणे परवडत नाही तिथे चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर असा संसार चालू राहतो. बीड, अहिल्यानगर, सोलापूरकडून आणि जतसारख्या तालुक्यांतून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोपीत तर जोडणीचा प्रश्नच येत नाही. दिवसभर फडातली धूळ आणि सकाळ-संध्याकाळ चुलीचा धूर, असा त्यांचा हंगाम जातो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात दाखवले, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी आहेत, तर जैवइंधनाच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. आयुष्यात विडी न ओढलेल्या बाईला धापेचा आजार का होतो, याचा उलगडा त्यातून झाला.

शरीरात शिरलेल्या कणांचा प्रवास आकाराप्रमाणे होतो. मोठे कण नाकातले केस आणि घशातला चिकटा अडवतात. २.५ ते १० मायक्रोमीटरचे कण श्वासनलिकांत अडकतात आणि खोकल्यावाटे बाहेर येऊ शकतात. त्याहून बारीक कण वायुकोशांपर्यंत जातात, आणि ०.१ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण वायुकोशांची भिंत ओलांडून रक्तात उतरू शकतात. जिथे ते बसतात तिथे दाह होतो. दाहाची रसायने रक्तातून फिरतात, रक्तवाहिन्यांच्या आतले अस्तर दुखावते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यामुळे दमा, जुनाट खोकला आणि सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) यांच्या जोडीला हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग हेही धूलिकणांचे परिणाम ठरतात. गरोदरपणात जास्त धूर सोसलेल्या मातांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा धोका वाढतो, आणि लहान मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटते. सिलिका आणि चुलीचा धूर यांनी कमजोर झालेल्या फुप्फुसात क्षयालाही सहज थारा मिळतो.

या संबंधाचा भक्कम पुरावा १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांच्या अभ्यासातून मिळाला. आठ हजारांहून अधिक प्रौढांची चौदा ते सोळा वर्षे नोंद ठेवल्यावर दिसले, की सर्वांत प्रदूषित शहरातले मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त आहे. वय, धूम्रपान यांसारख्या गोष्टींचा हिशेब वजा केल्यानंतरही. २०१३ मध्ये बाहेरच्या हवेतले धूलिकण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात गेले. भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे १६.७ लाख मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के, वायुप्रदूषणाशी निगडित असल्याचा अंदाज डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून हवा लिहिली जात नाही; तिथे हृदयविकार किंवा दमा लिहिलेला असतो. म्हणून ही हानी मोठी असूनही समाजाला जाणवत नाही.

सातारा आणि सांगली यांना छातीच्या रोगांचा इतिहास नवा नाही. औषधे नव्हती त्या काळात क्षयावरचा मुख्य उपाय म्हणजे निर्मळ हवा, आणि त्या हवेसाठी पाचगणीचे नाव घेतले जाई. तिथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम काढले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि पुढे वॉनलेसवाडीत क्षयरुग्णालय उभे राहिले. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण मिरजेला येत राहिले, आजही येतात. ज्या भूमीने हवेला औषधाचा मान दिला तिथेच हवा आजाराचे कारण ठरावी, हे इथल्या लोकांनी स्वीकारू नये.

कायद्याची चौकट पुरेशी आहे. १९८१ चा हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम उद्योगांना संमतीपत्राच्या अटींत बांधतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये चिमणीतल्या धूलिकणांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे कोणत्या कारखान्याचा धूर किती हे नागरिकांनाही पाहता येऊ लागले. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये पाच हजार, आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे उद्दिष्ट आधी २०१७ च्या तुलनेत २० ते ३० टक्के घट असे होते. पुढे २०२५-२६ पर्यंत पीएम १० मध्ये ४० टक्के घट किंवा राष्ट्रीय मानक गाठणे असे ते वाढवण्यात आले. पण रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांवर खर्च केला की पीएम १० घटते. आगीतून येणारे पीएम २.५ त्याने हटत नाही. महापालिकेची हद्द संपते तिथे कार्यक्रम संपतो, धूर मात्र हद्द ओळखत नाही. सांगलीची हवा सुधारायची तर वाळवा, पलूस, तासगाव, मिरज या तालुक्यांतल्या शेतांचा, भट्ट्यांचा आणि चिमण्यांचा विचार एकत्र करावा लागतो.

म्हणून उपायांचा क्रम उगमांच्या क्रमानेच लावला पाहिजे. मोजणी शहरापुरती न ठेवता कऱ्हाड, वाई, विटा, इस्लामपूर, तासगाव अशा तालुक्याच्या गावांत नेणे हे पहिले काम, कारण मोजल्याखेरीज कोणाचा वाटा किती हे ठरत नाही. पाचट कुट्टीची यंत्रे कारखान्यांनी तोडणीच्या वेळापत्रकाशी जोडून पुरवली, तर सभासद शेतकऱ्याला काडी लावण्याचे कारणच उरत नाही. सहकारी कारखानदारीचे जाळे असलेल्या या भागात ही व्यवस्था लावणे इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा सोपे आहे. बॉयलरची राख अडवणारी साधने हंगामभर चालू राहतील याची देखरेख, वीटभट्ट्यांना झिगझॅग पद्धतीसारख्या सुधारित रचनेकडे नेणे, क्रशरवर फवारे, ओतकामात धूळ शोषणारी यंत्रणा, गोठे असलेल्या घरांत गोबरगॅस, ऊसतोड वस्त्यांना हंगामापुरते गॅस सिलिंडर, ही पुढची कामे. प्राथमिक आरोग्य केंद्रात धाप लागणाऱ्या प्रत्येक रुग्णाला व्यवसाय आणि चूल यांबद्दल विचारले गेले आणि फुंकर मारून करायची श्वसनचाचणी तालुक्याला उपलब्ध झाली, तर रोग वेळीच सापडतील. मुखपट्टी, दारे-खिडक्या लावून घेणे, पहाटेचे फिरणे पुढे ढकलणे यांनी दमेकऱ्याला थोडा आधार मिळतो. पण हे उपाय परवडणाऱ्यालाच परवडतात, आणि भट्टीवर, फडात, चुलीपुढे बसणाऱ्याला त्यांचा लाभ नाही.

दिल्लीच्या धुरक्याच्या बातम्यांमुळे वायुप्रदूषण म्हणजे महानगरांचा प्रश्न असा समज रुजला. सातारा-सांगलीचे उदाहरण तो दुरुस्त करते. इथला बराचसा धूर ओळखीच्या शेतातून, ओळखीच्या चिमणीतून आणि घरच्याच चुलीतून येतो, त्याचे महिने ठरलेले आहेत आणि तो कमी करण्याच्या पद्धती याच मातीत तपासल्या गेल्या आहेत. ग्रामपंचायत, कारखान्याचे संचालक मंडळ, महापालिका, आरोग्य केंद्र आणि शेतकरी यांनी आपापल्या वाट्याचे काम केले, तर पुढच्या काही हंगामांतच गाळणकागदावरचा फरक मोजता येईल आणि दवाखान्यांतल्या धाप लागणाऱ्या रुग्णांची संख्याही खाली येईल.